विश्लेषण : दिव्याजवळच्या खाडीचे चीनमधल्या ‘झैतून’ शहराशी सातशे वर्षांपूर्वी काय नाते होते?

दिवा स्थानकातून सुटणारी वसई रोडची मेमू कोपर सोडते आणि थोड्याच वेळात उल्हास खाडीच्या पुलावर येते. खाली मातकट पाणी, दोन्ही काठांना तिवरांचे रान, मध्येच रेतीची एखादी होडी. डब्यातल्या बहुतेकांची नजर मोबाइलवर असते. तासाभरात वसई येते आणि तिथून पश्चिम रेल्वेचे पुढचेच स्थानक नालासोपारा. ठाणे, ही खाडी आणि सोपारा या तीन ठिकाणांचा एक धागा थेट चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या एका शहरापर्यंत जातो. अरब आणि युरोपीय प्रवासी त्या शहराला ‘झैतून’ म्हणत. आज त्याचे नाव च्वानचौ. २०२१ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आपल्याकडची खाडी मात्र बातम्यांत येते ती बेकायदा रेतीउपसा, भराव आणि कचऱ्यामुळे.

ठाण्यात १३२१ मध्ये काय घडले?

त्या वर्षी चार फ्रान्सिस्कन ख्रिस्ती साधू इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदरातून गलबताने निघाले. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा डेमेट्रियस अशी त्यांची नावे. त्यांना दक्षिणेकडे कोल्लमला जायचे होते, पण गलबत ठाण्याला लागले. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन पंथाच्या ख्रिश्चनांची पंधरा घरे होती, त्यातल्या एका घरी ते उतरले. शहरावर दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. काझीसमोर धर्मावरून वाद झाला, प्रकरण चिघळले आणि एप्रिल महिन्यात चौघांचीही हत्या झाली. त्यांच्यासोबत आलेला जॉर्डेनस नावाचा पाचवा साधू त्या वेळी ठाण्याबाहेर होता म्हणून वाचला. त्याने मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे हाच जॉर्डेनस कोल्लमचा बिशप झाला.

या घटनेनंतर थोड्याच काळात ओडोरिक नावाचा आणखी एक इटालियन साधू होर्मुझहून २८ दिवसांचा प्रवास करून ठाण्यात पोहोचला. चौघांच्या अस्थी उकरून, कापडात गुंडाळून तो पुढच्या प्रवासाला निघाला. कोल्लमला तो एका मोठ्या जहाजात चढला, त्यात सातशे माणसे होती असे तो सांगतो. वारा पडला तेव्हा एक हाड समुद्रात टाकले आणि वारा सुटला, अशीही कथा त्याच्या वृत्तांतात आहे. मैलापूर, सुमात्रा, जावा करत तो चीनमध्ये उतरला आणि झैतूनमधल्या फ्रान्सिस्कन मठात त्याने त्या अस्थी ठेवल्या. इटलीला परतल्यावर, १३३० मध्ये, त्याने हा सगळा प्रवास तोंडी सांगून लिहवून घेतला.

चमत्कारांचा भाग बाजूला ठेवला तरी वृत्तांतातला मार्ग खरा आहे. ठाण्यात जहाज पकडून माणूस चीनला जाऊ शकत होता आणि त्यात त्या काळच्या प्रवाशांना विशेष काही वाटत नव्हते. ओडोरिकला ठाण्यात विशेष वाटल्या त्या दुसऱ्याच गोष्टी. इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरे त्यांच्यापुढे हतबल होतात, असे त्याने नोंदवले आहे. ठाणे, कळवा, दिव्याच्या चाळींत राहिलेल्या कुणालाही तो प्राणी ओळखायला वेळ लागणार नाही. त्या घुशी होत्या.

दिव्याचा यात काय संबंध?

थेट संबंधाची कोणतीही नोंद नाही, पण नकाशा पाहिला की मुद्दा कळतो. उल्हास नदी कल्याणवरून डोंबिवली, दिवा, मुंब्रा असे वळसे घेत ठाण्याला येते. ठाण्याजवळ पाण्याला दोन वाटा आहेत. एक घोडबंदरवरून वसईकडे समुद्राला मिळते, दुसरी ठाण्याच्या खाडीतून मुंबई बंदराकडे जाते. कल्याणला जायचे असो वा तिथून निघायचे असो, जहाज कोणत्याही वाटेने आले तरी शेवटचा टप्पा दिव्याजवळच्या पाण्यातूनच जाणार. रेल्वे येण्याआधी हाच इथला हमरस्ता होता.

आणि कल्याण हे लहानसहान बंदर नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत ‘कल्लिएना’चा उल्लेख आहे. पूर्वी हे अधिकृत बाजाराचे बंदर होते, पण आता तिथे अडथळे आहेत, ग्रीक जहाजे चुकून आलीच तर त्यांना पहाऱ्याखाली भडोचला नेतात, अशी तक्रार त्यात आहे. बंदरांच्या राजकारणाची कल्याणविषयीची ही बहुधा सर्वात जुनी बातमी म्हणावी लागेल. कान्हेरी लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणचे व्यापारी आणि कारागीर भेटतात. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा लेखक कल्याणहून तांबे-पितळ, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाते असे सांगतो आणि तिथे इराणहून नेमला जाणारा बिशप असल्याचेही लिहितो. ठाण्यातली पंधरा नेस्टोरियन घरे या जुन्या वाटेवरचीच असावीत.

ठाणे, म्हणजे शिलालेखांतले ‘श्रीस्थानक’, पुढे उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी झाले. अंबरनाथचे शिवमंदिर त्यांच्याच काळातले, १०६० च्या लेखाचे. बोरिवलीजवळच्या एकसर इथल्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. वल्ह्यांच्या रांगा, माणसांनी भरलेली जहाजे, वर स्वर्गात जाणारे वीर असे सगळे त्या दगडांवर आहे. मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याविषयी लिहिताना सुती कापड, कातडी आणि धूप यांची नोंद केली आहे. शिवाय इथल्या राजाचा चाच्यांशी एक करार असल्याचे तो सांगतो. लुटीतले घोडे राजाला द्यायचे, बाकीचा माल चाच्यांनी ठेवायचा. अरबस्तानातून समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांना तेव्हा किती किंमत होती ते यावरून कळते. घोडबंदर हे नाव आज वाहतूक कोंडीमुळे तोंडी असते, पण त्या नावात अजून ‘घोडे’ आहेत.

याच मार्को पोलोने परतीचा सागरी प्रवास सुरू केला होता झैतूनहून.

झैतून म्हणजे नेमके कोणते शहर?

फुजियान प्रांतात, तैवानच्या समोरच्या किनाऱ्यावर च्वानचौ आहे. दहाव्या शतकात शहर वाढवताना तिथल्या राज्यकर्त्याने तटाभोवती लाल फुलांची काटेरी झाडे लावली. चिनी भाषेत त्या झाडाला ‘त्सी-थोंग’ म्हणतात. अरब खलाशांच्या कानाला ते ‘झैतून’ ऐकू आले, म्हणजे त्यांच्या भाषेत ऑलिव्ह. त्यामुळे ऑलिव्हशी काही संबंध नसलेल्या शहराला जगभर ऑलिव्हचे नाव मिळाले. खरे झाड आपल्या ओळखीचे आहे. कोकणात शिमग्याच्या सुमारास पाने झडून लालभडक फुलणारा पांगारा तो हाच.

सोंग राजवटीने १०८७ मध्ये इथे सागरी व्यापाराचे सरकारी कार्यालय उघडले. आजच्या भाषेत जकात, परवाना आणि बंदर अशी तिन्ही खाती एका छपराखाली. त्यानंतरची तीन शतके हे जगातल्या सर्वात मोठ्या बंदरांपैकी एक होते. अलेक्झांड्रियाला मिऱ्याचे एक जहाज जात असेल तर झैतूनला शंभर येतात, असे मार्को पोलो सांगतो. इब्न बतूताने इथे शंभरेक मोठी जहाजे नांगरलेली पाहिली. ओडोरिकने आपल्या श्रोत्यांना समजेल असे माप दिले. बोलोन्याच्या दुप्पट शहर.

१९७४ मध्ये च्वानचौच्या उपसागरातल्या गाळातून तेराव्या शतकातले एक जहाज बाहेर काढण्यात आले. आत तेरा कप्पे होते, एका कप्प्यात पाणी शिरले तरी बाकीचे कोरडे राहावेत अशी रचना. मालात सुगंधी लाकूड, मिरे, कवड्या आणि गठ्ठ्यांवर बांधलेल्या, मालकांची नावे लिहिलेल्या लाकडी पट्ट्या. व्यापाराचा रोजचा कारभार कसा चालत होता, हे त्या पट्ट्यांवरून जितके कळते तितके कोणत्याही राजाच्या प्रशस्तीवरून कळत नाही.

च्वानचौतील जिउरी टेकडीवर खडकात कोरलेले लेख आहेत. मोसमी वारे वेळेवर सुटावेत म्हणून सरकारी अधिकारी तिथे जमून प्रार्थना करत आणि कोण आले, केव्हा आले हे दगडात नोंदवत. वाऱ्याला वर्षातून दोनदा साकडे. खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्त्यांत नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात त्यामागेही हाच हिशेब आहे, फक्त आपल्याकडे त्याची शिरस्तेदारी झाली नाही.

तिथे भारतीय खुणा कशा सापडल्या?

शहरात मशिदी, बौद्ध मठ, ख्रिस्ती चर्च, मनी पंथीयांची देवळे आणि हिंदू मंदिरही होते. १२८१ चा एक तमिळ शिलालेख सापडला आहे. संबंध पेरुमाळ नावाच्या माणसाने खानाच्या कल्याणासाठी शिवाची स्थापना केल्याचे त्यात लिहिले आहे. काययुआन या बौद्ध मंदिराच्या मागच्या बाजूला दोन खांबांवर नरसिंह आणि कृष्णाच्या कथा कोरलेल्या दिसतात. हे खांब पडझड झालेल्या हिंदू मंदिरातून आणून तिथे बसवले गेले. जवळच्या चेदियान गावात भारतीय घडणीची एक देवीमूर्ती आहे. गावकरी तिला ग्वान्यिन म्हणून पूजतात. इकडे बांधावरच्या वीरगळाला शेंदूर लावून गावदेव करतात त्यातलाच प्रकार.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सगळे विस्कटले. १३५७ ते १३६६ या काळात तिथल्या परदेशी मुस्लीम सैन्याचे बंड, त्याचा बीमोड आणि त्यापाठोपाठ परदेशी वस्त्यांवरचे हल्ले झाले. व्यापारी पांगले. पुढे मिंग राजवटीने खासगी सागरी व्यापारावर बंदी घातली, बंदरही गाळाने भरत गेले. मंदिरांचे, चर्चचे, कबरींचे दगड शहराच्या तटबंदीत आणि पायांत चिणले गेले. ओडोरिकने नेलेल्या अस्थी ज्या मठात ठेवल्या तो मठही उरला नाही.

दगड वाचवले कोणी?

इथे या कथेतला सर्वात महत्त्वाचा माणूस येतो आणि तो राजा नाही की पुरातत्त्व खात्याचा अधिकारी नाही. वू वेनल्यांग हे च्वानचौतले शाळामास्तर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहराची तटबंदी पाडली जाऊ लागली तेव्हा जुने कोरीव दगड बांधकामात, रस्त्यात, पाथरवटांच्या अड्ड्यावर जाऊ लागले. वू ते शोधत फिरत, पदरचे पैसे मोजून विकत घेत आणि घरी आणून ठेवत. अरबी, तमिळ, सिरियाक अक्षरांचे दगड. त्यातले बरेचसे वाचणारे कोणी शहरात नव्हते. युद्धाच्या आणि उपासमारीच्या काळातही हे काम थांबले नाही. १९५० च्या दशकात त्यांनी संग्रह सरकारला दिला आणि १९५७ मध्ये या दगडांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. दोन वर्षांनी तिथे सागरी इतिहासाचे संग्रहालय उभे राहिले. १९४६ मध्ये मिळालेला, झैतूनचा बिशप अँड्र्यू याचा मानला जाणारा लॅटिन अक्षरांचा थडग्याचा दगड याच काळातला शोध. तो दगड नसता तर ओडोरिकने सांगितलेल्या मठांना कागदापलीकडचा पुरावा फारसा नव्हता.

युनेस्कोने पहिल्यांदा परत का पाठवले?

चीनने २०१८ मध्ये ‘प्राचीन च्वानचौची ऐतिहासिक स्मारके’ अशा नावाने १६ ठिकाणांचा प्रस्ताव मांडला. त्यावर शिक्कामोर्तब झाले नाही. मंदिर, मशीद, मनोरे आहेत, पण हे शहर बंदर म्हणून चालत कसे होते हे यातून दिसत नाही, असा आक्षेपाचा गाभा होता. मग प्रस्ताव नव्याने बांधला गेला. व्यापार कार्यालयाची उत्खनित जागा, लोखंड गाळण्याचे ठिकाण, डोंगरातल्या देहुआ गावच्या चिनी मातीच्या भट्ट्या, जुने पूल अशी भर पडून ठिकाणे २२ झाली. माल कुठे बनला, कोणत्या पुलावरून आला, कोणत्या धक्क्यावर चढला, जकात कुठे भरली, खलाशी कुठे नतमस्तक झाले, अशी पूर्ण साखळी मांडली गेली. जुलै २०२१ मध्ये ‘सोंग-युआन काळातील जगाची बाजारपेठ’ म्हणून नोंद झाली.

या २२ मधला लुओयांग पूल मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १०५३ ते १०५९ या काळात नदीच्या मुखाशी बांधलेला हा दगडी पूल भरती-ओहोटीच्या माऱ्यात टिकावा म्हणून पायाच्या दगडांवर कालवे वाढवली गेली. कालवांच्या शिंपल्यांनी दगड एकमेकांना सांधले. ओहोटीला खडकावरची कालवे कोयत्याने फोडून काढणाऱ्या आपल्या खाडीकाठच्या बायकांना ही अभियांत्रिकी ऐकवली तर त्या हसतील, कारण कालव दगडाला किती घट्ट धरते हे त्यांना कुणी सांगायला नको.

आपल्याकडे काय उरले आहे?

थोडे आहे, पण विखुरलेले. कल्याणला दुर्गाडी आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर इथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू झाली, मराठा आरमाराचा आरंभ म्हणून हे ठिकाण सांगितले जाते. ठाण्याचा पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांकडे आला, आज तो मध्यवर्ती कारागृह आहे. याच किल्ल्याच्या परिसरात १७८७ मध्ये पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे १०१७ चे ताम्रपट मिळाले. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्यांचे भाषांतर छापले गेले. म्हणजे ठाण्याच्या इतिहासाचा एक मोठा पुरावा खोदकामात योगायोगाने हाती आला, आणि त्या वेळी तो ओळखणारे कोणी जवळ होते म्हणून वाचला.

१८५३ मध्ये रेल्वे ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी कल्याणला. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला. लोकांची तोंडे पाण्याकडून रुळांकडे वळली आणि खाडी गावांच्या पाठीमागे गेली. दिव्यात ते सर्वात ठळक दिसते. स्थानकाभोवती इमारती उभ्या राहिल्या त्या खाजणाच्या आणि भाताच्या जमिनींवर. ठाणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे दिव्याच्या काठाला टाकला गेला. कित्येक ठिकाणी तिवरांत भराव पडला, ड्रेझरने रेती उपसल्याने काठ खचले. रेतीउपशाचा तोटा पर्यावरणाचा म्हणून मोजला जातो, आणि तो आहेच. पण जहाजांचा जो जुना मार्ग, त्याच्याच तळातला गाळ यात उपसला जातो. च्वानचौचे जहाज अशाच गाळात सातशे वर्षे टिकले होते. कोकण किनाऱ्यावर चौलला झालेल्या शोधकामात चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत, संजाणच्या उत्खननातही मिळाले. कल्याण ते घोडबंदर या पट्ट्यातल्या गाळात तसे काही नसेलच असे मानायला कारण नाही.

मुंब्रा आणि डोंबिवलीचे रेतीबंदर, कोलशेत, नागला बंदर, काल्हेर ही नावे अजून वापरात आहेत. जुना धक्का, होड्या बांधण्याचे दगड, मिठागराचे बांध यांची गाववार यादी करायला मोठा खर्च लागत नाही. लागते ती माहिती, आणि ती आज सत्तरीपुढच्या आगरी-कोळी मंडळींकडे आहे. युनेस्कोच्या यादीचे स्वप्न वगैरे दूरची गोष्ट, पण २०१८ चा धडा इथे लागू पडतो. दुर्गाडी आणि अंबरनाथ सुटे सुटे पाहिले तर एक किल्ला आणि एक देऊळ दिसते, मधली खाडी धरली तर बंदराचा प्रदेश दिसतो.

खोदकामात काही सापडले तर काय करायचे?

हा प्रश्न आता हाताशी आला आहे. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग ५३ ठरला. वसई ते कल्याण जलवाहतुकीसाठी ज्या ठिकाणी जेट्ट्या ठरवल्या गेल्या त्यांत घोडबंदर, नागला बंदर, कोलशेत, काल्हेर, पारसिक, अंजूर-दिवे, डोंबिवली आणि कल्याण ही नावे आहेत. अंजूर-दिवे हे खाडीच्या पलीकडच्या, भिवंडीच्या काठाचे. यादी वाचली तर जुन्या गलबतांचे थांबेच क्रमाने लिहिल्यासारखे वाटते. तिथे खांब रोवले जाणार, गाळ काढला जाणार.

जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार सापडवणाऱ्यावर बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुने शिल्प किंवा कोरीव दगड १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतो. पंचायत, पोलीस ठाणे किंवा राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवले तरी माहिती योग्य जागी पोहोचते. वस्तू हलवू नये, धुऊ किंवा घासू नये, शेंदूर किंवा ऑइल पेंट लावू नये. मोबाइलमध्ये फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा पेन ठेवावे म्हणजे आकार कळतो. ठिकाणाचे लोकेशन फोटोसोबत जपून ठेवावे, कारण दगड कुठून निघाला हे हरवले तर त्याची निम्मी माहिती हरवते.